मोरीत पडलो म्हणालात

तुम्ही गेलात आणि सुतक फिटायच्या आत मी मोरी फोडली. तुमच्या दुकानातली लोखंडी सब्बल आणली, पदर खोचला आणि घातली फरशीवर. शेजारच्या बाया दारात गोळा झाल्या. कोणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. ज्या फरशीवर नवरा घसरला, जिनं त्याचं डोकं फोडलं, तिच्यावर बसून मी रोज आंघोळ करायची? ठोकत राहिले. तुकडे उडून नडगीला लागले, रक्त आलं, तरी ठोकत राहिले. खालची काळी माती दिसली तेव्हा हात थांबले.

मोरीचा काही दोष नव्हता. तुम्ही मोरीत पडलाच नव्हता. आपल्या पोरानं तुम्हाला दारापुढच्या ओट्यावर ढकललं होतं. तुषारनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मी त्या फुटक्या फरशीत उभी असताना. आणि आता भांडायला तुम्ही नाही. जन्मभर मी बोलायचं आणि तुम्ही ऐकायचं, असा आपला संसार. ऐकणारा उठून गेला म्हणून माझं बोलणं काही थांबत नाही, आता लिहून बोलते.

उद्या तुमची तेरवी. हिवरखेडहून दादा येणार, तुमचे मोठे भाऊ, आणि सोबत जीप आणणार. जेवणं आटोपली की तुषारला तिच्यात घालून नशा सोडवायच्या कुठल्याशा केंद्रावर नेणार. तिथं पोरांना साखळीनं खाटेला बांधतात, पट्ट्यानं झोडतात आणि सरळ करून घरी धाडतात, असं दादा अगदी कौतुकानं सांगतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

तुषार पुण्याहून परत आला तेव्हा आपण सगळ्यांना सांगितलं, कावीळ झाली. दिसतही तसाच होता, डोळे खोल, गालफडं बसलेली. खरं काय ते त्यानं तुम्हाला सांगितलं, मला नाही. कंपनीतल्या पोरांसोबत शनिवारी मजा म्हणून पावडर घ्यायचा. मग शुक्रवारपासूनच. मग मजा कुठली आणि शनिवार कुठला. नोकरी गेली, खोली गेली. पंचविशीतलं पोरगं, बापापेक्षा उंच, मला म्हणतं, "आई, मी कधीबी सोडू शकतो." मी उलथनं फेकून मारलं. कपाळाला लागलं, टाका पडला. तुम्ही उलथनं उचललं, धुतलं आणि जागेवर ठेवलं. "काहून आरडून राहिली? आज फेज उलटा आला काय?"

शेतातल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याची बायको झाले म्हणून हे ऐकून घ्यायचं. फेज उलटा आला की मोटार उलटी फिरते, पाणी येत नाही, नुसता आवाज. अख्खा संसार तुम्ही मला हेच म्हणत आलात आणि मी दरवेळी जास्तच ओरडले.

डॉक्टर आपण अमरावतीचा शोधला. इथं अकोल्यात ओळखीच्या कोणी पाहिलं तर? बडनेऱ्याला गाडीतून उतरायचं, पुढे ऑटो, आणि तिघांनी एकमेकांकडे न बघता बसायचं. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, घरी राहून होतं, पण घरानं साथ द्यायला पाहिजे. गोळ्या वेळेवर, झोप, हाताला काम. शपथा घालू नका, रोज उलटतपासणी घेऊ नका, मारू नका. घसरला तर लपवू नका, लगेच घेऊन या. मारू नका म्हणताना ते माझ्याकडे का बघत होते, ते मला अजून कळलेलं नाही. कपाळावरचा टाका दिसला असेल.

तुम्ही त्याला दुकानात बसवलंत. तलफ आली की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा, पाय हलायचे, दात करकरायचे. तुम्ही काही विचारायचा नाहीत. एखादी जळालेली मोटार त्याच्यापुढे सरकवायचात आणि छन्नी-हातोडी द्यायचात. "फोड." जळकं वाइंडिंग, तांब्याच्या तारेची गुंडाळी, आत असं चिकटून बसतं की तोडून, ओढून, खरवडून काढावं लागतं. तो घाव घालायचा. कधी हातोडी बोटावर बसायची, तर शिवी हासडून पुन्हा घाव. तुम्ही समोर बसून नवी तार भरायचात. मी डबा घेऊन यायची तेव्हा तो आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा, आणि दुकानात बाप-लेक एका शब्दानं बोलत नसायचे. संध्याकाळी तो हात घासून धुवायचा आणि एक भाकर जास्त खायचा. त्या दिवसांसाठी मी तुमची ऋणी आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हिला ताप आला.

आपलं भांडण एकच होतं आणि ते अर्धवट राहिलं. मी म्हणायची, हाकला. हातपाय धड आहेत, खाऊ दे बाहेरचे धक्के, येईल अक्कल. एकदा त्याची बॅग उचलून मी रस्त्यावर फेकलीसुद्धा. तुम्ही ती आत आणलीत, झटकलीत आणि म्हणालात, "बाहेर धक्के देणारे नाई भेटत त्याले. पावडर देणारे भेटतात." मी ताट आपटलं.

मग तुम्ही नवसाच्या जेवणाचा, रोडग्यांचा घाट घातला. नवस कधी बोललात ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. पोरगं बरेच महिने नीट राहिलं, अंगाला मांस धरलं, हसायला लागलं, आणि तुमचा जीव हरखला. हिवरखेडच्या शेतात, मारोतीसमोर, सगळ्या भावकीला आवतण. नारळ फोडायच्या आधी नवस कशाचा होता ते मोठ्यानं बोलून दाखवायचं, ही तुमच्या घराण्याची रीत. निघताना मी बजावलं होतं, कावीळ म्हणा. कावीळ बरी झाली म्हणा, देवाला काय समजायचं ते समजतं. तुम्ही मान डोलावलीत.

गोवऱ्या जळून निखारे झाले होते. कणकेचे रोडगे त्यात भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता, पोरंसोरं नाचत होती. तुम्ही नारळ हातात घेतलात आणि भावकीसमोर, छाती पुढे काढून म्हणालात, "माह्या पोरानं नशा सोडली. म्हणून हे रोडगे."

पोरगं कलेक्टर झाल्यासारखा तुमचा चेहरा फुलला होता. तुषार पत्रावळी घेऊन उभा होता, त्याच्याकडे तुमचं लक्षच नव्हतं. माझं होतं. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

दादा म्हणाले, "म्हंजे कावीळ नोती? आमच्या घरात गर्दुल्ला?" मागून कोणीतरी हसलं.

तुषारनं पत्रावळी फेकल्या, फावडं उचललं आणि निखाऱ्यांवर घातलं. निखारे उडाले. बाया पोरांना ओढत किंचाळत पळाल्या. एक निखारा दादांच्या धोतरावर पडला. दादांनी तो झटकला आणि पोराच्या थोबाडीत ठेवून दिली. त्यानं दादांची गचांडी धरली, पिकल्या केसांच्या माणसाची. मी हातातली वरणाची पळी त्याच्या पाठीत घातली, पुन्हा घातली, तिसऱ्यांदा घातली तर ती वाकली. तुम्ही त्याला मागून दोन्ही हातांनी कवळा मारलात आणि सोडला नाहीत. दोघंही निखाऱ्यांत गेलात. तुमचा हात कोपरापर्यंत भाजला, कातडीचा वास आला मला. तरी तुम्ही ओरडला नाहीत. "सोडा त्याले. चूक माही आहे," एवढंच म्हणत राहिलात. रोडगे मातीत गेले आणि कुत्र्यांनी खाल्ले.

परतीच्या गाडीत मी अकोल्यापर्यंत तुम्हाला फाडून खाल्लं. तुम्ही भाजलेला हात मांडीवर धरून बसला होतात. एकदाच बोललात. "मारोतीसमोर खोटं कसं बोलू वं?"

त्याच आठवड्यात तो पुन्हा पावडरीवर घसरला. तुम्हाला कळलं, आणि डॉक्टरांनी बजावलेलं असूनही तुम्ही माझ्यापासून लपवलंत. मी बाजारात गेले होते त्या दुपारी तो गाडीची चावी मागत होता. तुम्ही दारात आडवे उभे राहिलात, हाताला पट्टी बांधलेली. "आज नाई जायचं." त्यानं दोन्ही हातांनी ढकललं. तुम्ही मागच्या मागे ओट्याच्या पायरीवर गेलात, डोकं दगडावर. तुषार म्हणतो, तो आवाज त्याच्या कानातून जात नाही. जाऊ नये. तुम्ही उठून बसलात, पाणी मागितलंत, आणि पाणी प्यायच्या आधी काय म्हणालात? "आईले सांगू नको. मोरीत पडलो म्हणतो मी. नाई तं ती तुले घरात ठेवणार नाई."

ओळखून होतात तुम्ही मला. खरंच ठेवला नसता.

मारोतीसमोर तुम्हाला खोटं बोलता आलं नाही. माझ्यासमोर आलं. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणालात, "मोरीत पाय सरकला." आणि मी तुमच्यावरच तोंड टाकलं, शेवाळं दिसत नाही का, डोळे कुठे होते. मोरी घासून काढली, पायपुसणं टाकलं. दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं तर सुंठ उगाळून तुमच्या कपाळाला लावली. दवाखान्यात चला म्हटलं की तुम्ही म्हणायचात पित्त आहे. डॉक्टर विचारतील कसे पडलात, आणि मी बाजूला बसलेली असेन, म्हणून गेला नाहीत. आत रक्त साचत होतं आणि तुम्ही डोळे मिटून माझ्या हातची सुंठ लावून घेत होतात. माझ्या हातची! तुमची मान धरून हलवावी असं वाटतं मला. कोणाची धरू?

एका सकाळी तुमची जीभ जड झाली, उलटी झाली, डोळे फिरले. शेजारच्या रफिकभाईंनी त्यांच्या ऑटोत उचलून नेलं. दवाखान्यात विचारलं, कधी पडले, कुठे पडले. मी ओरडून सांगितलं, मोरीत. तुषार भिंतीला टेकून उभा होता, त्यानं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. लवकर आणायला हवं होतं, एवढंच ते म्हणाले. रफिकभाई मला म्हणत होते, "भाभी, बैठ जाओ, गिर जाओगी." मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

तुम्हाला अंगणात ठेवलं होतं तेव्हा काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार, मीच सांगते. आगीचं मडकं घेऊन पुढे चालायचं ते पोरानं. दादा आडवे आले. "गर्दुल्ल्याच्या हातची आग माह्या भावाले नाई पायजे." मडकं त्यांनी आपल्या मुलाच्या हाती दिलं. मी ते हिसकलं. माझा तळहात भाजला. दोघं-तिघं मला धरायला आले, त्यातल्या एकाच्या मनगटाला मी चावले. खोटं नाही, उद्या तेरवीला आला तर वण दिसतील. मडकं तुषारच्या हातात कोंबलं. "धर. बाप तुहा आहे." सगळी भावकी बघत राहिली. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर तेच मडकं त्याच्या डोक्यात फोडलं असतं, हेही लिहून ठेवते.

नंतर ती मोरी. मी ठोकत होते आणि त्यानं मागून येऊन सब्बल धरली. "आई, नको फोडू. बाबा इथं नाई पडले." सब्बल त्यानं बाहेर अंगणात फेकली, म्हणून तो जिवंत आहे. मला कपडे धुवायचं धोपटणं सापडलं. पाठीत घातलं, खांद्यावर घातलं, हातावर घातलं. ओठ फुटला, रक्त फुटक्या फरशीवर पडलं. मी तुमचं नाव घेऊन मारत होते. त्यानं एकदाही हात वर केला नाही. खाली बसला आणि म्हणाला, "मार आई. अजून मार."

ते ऐकलं आणि मला किळस आली. त्याला मार हवा होता. पुरेसा मार खाल्ला की फिटलं, असं त्याच्या मनात होतं. दादांच्या केंद्रात जायलाही तो तयार आहे तो त्याचसाठी. बांधा म्हणतो, झोडा म्हणतो. मी धोपटणं टाकून दिलं. इतक्या स्वस्तात मी फिटू देणार नाही.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, समाधानानं गेले. मला एवढा राग आला की मी तिथून उठून आले. एवढं सगळं पोटात घेऊन गेलेला माणूस, आणि त्याचं काहीच अडलं नाही?

सुतकात घराबाहेर पडू नये म्हणतात. मी त्याला घेऊन अमरावतीला गेले. डॉक्टरांसमोर त्याला सगळं बोलायला लावलं, ढकललं तेसुद्धा. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्याला सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का. तो म्हणाला, रोज येतं. मी शेजारी बसले होते. त्याच्या जन्माच्या वेळी मी एवढी घाबरले नव्हते. डॉक्टर म्हणाले, गोळ्या बदलून देतो, दर आठवड्याला आणा, आणि काही दिवस त्याला एकटं सोडू नका. अजिबात नाही. मी साखळीच्या केंद्राचं विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून. निघताना मी कबूल केलं, यापुढे हात उचलणार नाही. तोंडाचं काही कबूल केलेलं नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि दादांचा फोन आला.

"बाई, जीप ठरली. त्याचे दोन कपडे बांधून ठेव."

"तेरवीले या दादा, जेवाले या. जीप नका आणू."

"मंग? घरात ठेवतो म्हणतं त्याले? त्याच्यापायी माहा भाऊ झिजून मेला. समजते काय तुले?" आणि दादा रडायला लागले. त्यांना मी कधी रडताना ऐकलं नव्हतं, अंगणातसुद्धा नाही. एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते बोलले असते तर दादा उद्याची वाट न बघता माणसं घेऊन निघाले असते, आणि त्यांचं काही चुकलं नसतं.

मी ते गिळलं. "समजते," म्हटलं. "पण पोरगं इथंच राहील. पोलीस आणा, नाई तं पंच आणा, मी दारात उभी आहे."

त्यांनी फोन आपटला. उद्या येतील की नाही, ठाऊक नाही. एवढा स्वयंपाक कोण खाईल तेही ठाऊक नाही.

तुषार मागे उभा राहून ऐकत होता. "जाऊ दे ना मले, आई. मी इथं कसा राहू? त्या पायरीवरून रोज कसा जाऊ?"

"जसी मी जाऊन राहिली तसा जा," मी म्हटलं. "गोळी घेतली?"

"नाई."

"घे मंग, का मुहूर्त पाहू?" 

त्यानं घेतली. माझ्यासमोर, पाण्यासोबत. त्या दुपारनंतर पावडरीला हात लावला नाही असं सांगतो. मी विश्वास ठेवला असं समजू नका. आता आत भाजी निवडत बसला आहे आणि मी इथून त्याच्यावर डोळा ठेवून आहे.

माझा राग गेलेला नाही. त्याच्यावरचा नाही आणि तुमच्यावरचा तर मुळीच नाही. तुम्ही मला खरं सांगितलं असतं, तर मी त्याला त्याच दुपारी हाकललं असतं, तुम्हाला फरफटत दवाखान्यात नेलं असतं, आणि तुम्ही आज माझ्यासमोर बसून चहा पीत असता. कदाचित तो कुठेतरी मरून पडला असता. तुम्ही दोघांतला एक निवडलात, आणि मला विचारलं नाहीत. हे मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. पण तुमचा जीव गेला तो त्याला या घरात ठेवण्यात गेला, आणि मी त्याला बाहेर काढलं तर तुम्ही फुकट मेलात. ते मला परवडणार नाही.

फक्त एवढं ऐकून ठेवा, गप्प बसून सांभाळणं तुमचं होतं, माझं नाही. मला तो दिसला की पडलेले तुम्ही दिसणार, आणि मी शिव्या देणार. त्याला देईन, तुम्हाला देईन, सकाळी देईन, ताट वाढता वाढता देईन. पण देईन त्या त्याला घरात ठेवून.